येसू लोणारणीनं केलेल्या दोन खिडक्या

कवठेमाळला सडक नव्हती आणि डोंगरापलीकडची खबर आठ-आठ दिवसांनी यायची, त्या काळात नदीकाठी येसू नावाची एक लोणारीण राहत होती. ती चुनखडी भाजायची, चुना मळायची आणि लोकांच्या खिडक्यांना बाहेरून चुन्याच्या महिरपी करून द्यायची. तिनं केलेल्या कमळावर मधमाश्या येऊन बसायच्या आणि फसून परत जायच्या, असं म्हणतात. काम हाती घेण्याआधी ती दिवसभर त्या खिडकीसमोर रस्त्यावर बसायची. कुणी बोलायला आलं तर मान हलवायची, पण नजर खिडकीवरून काढायची नाही.

त्याच गावात सखोबा तरट्यांचं दगडी घर होतं. त्यांची धाकटी बहीण हौसा दूरच्या गावी दिलेली होती. तिचा नवरा साथीत गेला आणि सासरच्यांनी तिला गोठ्याच्या कोपऱ्यात जागा दिली. ते कळल्यावर सखोबा गाडी जुंपून गेले आणि बहिणीला घेऊन आले. तिच्यासाठी त्यांनी घराला लागून एक खोली वाढवली. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून भिंती घाईनं उभ्या राहिल्या. जुन्या घराच्या खिडक्या उंच आणि पांढऱ्या महिरपीच्या. नव्या खोलीच्या दोन खिडक्या बुटक्या, आणि त्यांच्या कडेनं दगड वेड्यावाकड्या दातांसारखे बाहेर आलेले.

पाण्याला जाणाऱ्या बायका तिथं हमखास थांबायच्या. एकदा धोंडूमावशी घागर कमरेवर सावरत म्हणाली, "चांगल्या घराला गळू आलंय गं."

हौसा खिडकीच्या आतच बसली होती. तिनं दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. त्या दिवशी भाऊ जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "दादा, दसरा झाला की मी माघारी जाते. गोठा तर गोठा. माझ्यापायी तुझ्या घराला नावं नकोत."

सखोबांचा घास हातातच राहिला. ते उठले ते थेट नदीवर गेले. दसऱ्याला एकवीस दिवस उरले होते. त्यांनी येसूला सगळं सांगितलं आणि विनवलं की खिडक्या अशा कर, खोली मागून जोडलीय हे परक्याला ओळखूसुद्धा येऊ नये.

येसू आली, दिवसभर रस्त्यावर बसली आणि कामाला लागली. गुळाच्या पाण्यात चुना मळला, तागाचे धागे कुटून घातले आणि जुन्या खिडक्यांवर होती तशीच कमळाची महिरप नव्या खिडक्यांवर चढवली. काम बाराव्या दिवशी पुरं झालं. महिरप सुंदरच होती. पण खाली खिडकी बुटकी, आणि वर कमळ केवढंतरी. गाव बघायला जमलं आणि धोंडूमावशी म्हणाली, "आता गळवाला फेटा बांधला की."

सगळे हसले. सखोबासुद्धा हसू दाबत उभे राहिले. आत हौसानं आपलं लुगडं आणि तांब्या एका गाठोड्यात बांधला.

येसू रागावली नाही. तिनं छिन्नी घेतली आणि सगळ्यांच्या समोर दोन्ही महिरपी उतरवून टाकल्या. सखोबा घाबरले. दसरा नऊ दिवसांवर आलेला, आणि चांगला चुना धरायला महिना घेतो. येसू त्यांच्याकडे न बघता खोलीत शिरली. इतकी वर्षं ती खिडक्या करत होती, पण कुठल्याही खिडकीकडे तिनं आतून पाहिलं नव्हतं. तिनं गाठोडं पाहिलं. मग खिडकी उघडली आणि हौसाशेजारी खाली बसली.

"हौसाक्का, खिडकी तुमची. मी मात्र तुमच्या भावाला विचारून केली. चुकलं माझं. तुमी सांगा, कशी करू?"

बाहेरून एक शेळी गेली, हौसा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लपवू नको. मी मागनं आलेय. आलेली आहे तशी दिसू दे."

येसूला एवढं पुरे झालं. तिनं ना कमळ केलं, ना वेल. खिडकीभोवती चार बोटं रुंद अशी सरळ, साधी पट्टी आखली आणि दगडांचे दात तिच्याआड नीट बसवले. पण गावात अशी चाल होती की नव्या कामाला चुन्याचा पहिला हात घरच्या सवाष्णीनं लावायचा. सखोबांची बायको पदर खोचून पुढं आली. येसूनं तिला हातानंच थांबवलं आणि चुन्याची पाटी हौसापुढं ठेवली. विधवेच्या हाताचा चुना भिंत धरणार नाही, असं जमलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं.

"राहणारीचा हात नसंल, तर मग कुणाचा धरंल?" येसू म्हणाली.

हौसानं पदर खोचला. तिनं चुना उचलला आणि लावला. मग दोघी रोज नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं ती पट्टी घोटत बसायच्या. त्या दिवसांत पावसाचे ढग यायचे आणि गावावरून वळसा घालून जायचे, असं म्हणतात. महिन्याचा चुना आठ दिवसांत दगडासारखा झाला. दसऱ्याच्या सकाळी खिंडीतून उतरणाऱ्या धनगरांना तीन कोसांवरून दोन पांढऱ्या चौकटी चमकताना दिसल्या आणि त्यांची मेंढरं आपोआप त्या दिशेला वळली.

धोंडूमावशी खोट काढायला अगदी जवळ गेली. पट्टी इतकी घोटलेली होती की तिला तिच्यात स्वतःचंच तोंड दिसलं, उघडं राहिलेलं. तिनं ते मिटलं. एवढ्यात मेंढरांमागून आलेल्या म्हाताऱ्या धनगरानं रस्त्यावरून विचारलं, "कुणाची ही खोली?"

सखोबा उत्तर द्यायला वळले. पण त्याआधी आतून आवाज आला. "माझी. हौसाची."

धोंडूमावशीनं हातातली आपट्याची पानं खिडकीत ठेवली आणि पाण्याला गेली. हौसानं गाठोडं सोडून लुगडं दांडीवर टाकलं. ती त्या खोलीत पुढं चाळीस वर्षं राहिली.

येसू कधी वारली ते कुणाला माहीत नाही. एका सकाळी ती गाढवावर चुन्याची गोणी लादून नदी ओलांडून गेली आणि तिच्या पावलांखालचे गोटे पांढरे होत गेले, असं म्हणतात. ते अजून तसेच आहेत.

आता कवठेमाळला सिमेंटची घरं आहेत आणि रंग डब्यातून येतो. तरी कुणी घराला खोली वाढवली, तर तिच्या खिडक्या जुन्या घरासारख्या करत नाहीत. चार बोटं पांढरी पट्टी काढतात. पहिला हात तिथं राहणाऱ्याचा, मग ती नवी सून असो, शिकायला आलेला भाचा असो, नाहीतर माघारी आलेली लेक. काम झालं की घरातलं थोरलं माणूस बाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहतं आणि विचारतं, कुणाची ही खोली? आतल्यानं आपलं नाव सांगायचं. हळू सांगितलं तर पुन्हा विचारतात. आणि नाव रस्त्यापर्यंत ऐकू आल्याशिवाय रंगारी हात धूत नाही.