उत्पलाचं दुकान सापडत नाही

"...मग एवढे लाइक जातात कुठे, भन्तेजी?" उत्पलाने विचारलं.

भन्ते रेवत विहाराच्या ओसरीत शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उत्पला गजभियेचं भंडाऱ्यात व्हीलचेअर दुरुस्तीचं दुकान होतं. हातात कसब होतं आणि त्याचा तोराही होता. तिची रील्स ऐंशी हजार लोक बघत. पण गूगलवर कुणी 'व्हीलचेअर दुरुस्ती' शोधलं, की तिचं नाव तिसऱ्या पानावर.

"रीलमध्ये काय असतं?" भन्तेंनी विचारलं.

"मी! खुर्चीत बसून गिरक्या घेते. गाणं लावते. लोकांना जाम आवडतं."

"आणि दुकानाच्या वेबसाइटवर?"

"फोन नंबर."

भन्तेंनी पुढची शेंग सोलली.

"अजून काय हवं? माझ्यासारखं काम जिल्ह्यात कुणाला येत नाही."

भन्तेंनी अंगणाकडे बोट दाखवलं. कुसुम नावाची एक बाई सासूची व्हीलचेअर ढकलत होती. खुर्ची जागची हलत नव्हती.

उत्पला उठली. पुढच्या छोट्या चाकापाशी बसली. आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे तिने कात्रीने कापून काढले.

"हे आठवड्याला काढायचे. वर तेल ओतायचं नाही, धूळ चिकटते."

चाक गर्रकन फिरलं.

"ताई, हेच मी मोबाइलवर किती शोधलं!" कुसुम म्हणाली. "कुठ्ठे मिळालं नाही. सासूबाई दिवाळीपासून घरात बसून होत्या."

"पुन्हा शोध," भन्ते म्हणाले.

कुसुमने शोधलं. नव्या खुर्च्यांच्या जाहिराती आल्या, बाकी काही नाही.

भन्तेंनी तो मोबाइल उत्पलाच्या हातात ठेवला.

"इथे उत्तर नाही. तुला येतं. मग तू ते ठेवलंयस कुठे?"

उत्पलाने मोबाइल कुसुमला परत दिला आणि ती उठली.

घरी जाऊन ती लिहायला बसली. चाक का अडतं, ब्रेक सैल झाला तर काय करायचं, खुर्ची पायऱ्यांवरून कशी उतरवायची. सगळं साध्या मराठीत, फोटो काढून, वेबसाइटवर. गिरक्या थांबल्या. आता रीलमध्ये तिचे हात दिसू लागले. लाइक निम्म्यावर आले. ती रडकुंडीला आली, पण लिहीत राहिली.

गोंदियाच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यातलं एक रील पाहिलं. तिथून त्या वेबसाइटवर गेल्या आणि त्यांनी आपल्या दवाखान्याच्या साइटवर तिची लिंक दिली. मग अपंगांच्या एका संस्थेने दिली. लोक तिच्या नावानेच दुकान शोधू लागले.

उन्हाळा सरता सरता उत्पला विहारात धावतच आली.

"भन्तेजी, पहिल्या पानावर! सगळ्यात वर!"

ओसरीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. उत्पला हसत होती, डोळे पुसत होती.

"काल साकोलीचे एक आजोबा आले. त्यांची खुर्ची वर्षभर अडगळीत पडली होती. मी दुरुस्त केली, तर स्वतः चाकं फिरवत थेट चौकात गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, 'आलो रे!' अख्खा चौक हसला, भन्तेजी!"

भन्तेही मोठ्याने हसले.

"पण एक सांगा," ती म्हणाली. "नुसत्या लाइकने गूगलवर माझं नाव हललं नाही. आणि रील नसतं, तर लिंक देणाऱ्या त्या गोंदियाच्या बाईंना मी कळलेच नसते. मग रीलमुळे नंबर वर गेला म्हणायचं, की नाही?"

भन्तेंनी उलट विचारलं,

"आजोबा 'आलो रे' म्हणाले, तेव्हा तुझा नंबर कितवा आहे, हे तुझ्या मनात तरी होतं का?"