शिशिराबाईची पाठवणी

एका राज्यात वसंतही राजाज्ञेनेच येत असे. राजा तुरंगसेनाला नवा तलम अंगरखा मिरवायचा होता, म्हणून एका वर्षी त्याने थंडीचा शेवटचा पंधरवडा रद्द केला. तोफा उडाल्या, जर्दाळूची बाग निमूटपणे फुलली. निघालेल्या शिशिराबाईला कोणी साधे ‘पुन्हा या’ म्हटले नाही.

चौथ्या दिवशी फुलांवर बर्फ पडू लागला. फक्त बागेत, कुंपणाबाहेर ऊन होते. माळी रायाजी रोपे झाकायला धावला आणि हातातल्या पेंढ्यासकट गोठून उभा राहिला.

त्याची बायको भिवरा कुंपणाशी पोचली, तेव्हा राजमांत्रिक धूम्रनाथ अग्निमंत्र म्हणत होता. बर्फ वितळू लागला, तसा रायाजीच्या नाकाचा शेंडाही ठिबकू लागला.

“थांबवा! बर्फाबरोबर धनीही वाहून जातील!”

“मंत्र अर्ध्यावर सोडणे शास्त्रात बसत नाही,” धूम्रनाथ म्हणाला.

भिवराने त्याच्या कुंडात घागर ओतली. शास्त्र विझले.

कुंपणावरची साळुंकी म्हणाली, “माध्यान्ही ऊन बागेतही उतरेल, तेव्हा तो तसाही वितळेल. जिने गोठवला, तिलाच विनव. ती बघ, बाहेरच्या विहिरीवर बसली आहे.”

विहिरीच्या काठावर पांढरी घोंगडी पांघरलेली म्हातारी होती. भिवराने पदर सावरून नमस्कार केला. “मावशी, माझा माणूस सोडा.”

“त्याच्याशी माझे वैर नाही. तो मध्ये आला,” शिशिराबाई म्हणाली. “मला पाहुणीसारखी वाटेला लावा. राजाने स्वतः पाट मांडावा. कोणीतरी माझ्याविषयी एक चांगला शब्द बोलावा, पण खरा. मग माझी ओटी भरावी.”

राजाला बोलावले. पाट कुठे ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हते. मुदपाकखाना शोधण्यातच घटका गेली. अखेर त्याने पाट मांडला, तोही उलटा. शिशिराबाईने तो सुलटा केला आणि बसली.

चांगल्या शब्दासाठी राजकवी सरसावला. “हे हिमसुंदरी, तुझ्या विरहाने...” एवढ्यात त्याची जीभ टाळ्याला गोठली. उरलेल्या दरबाऱ्यांना एकाएकी खोकला झाला. सूर्य डोक्यावर येत होता.

भिवराने नवऱ्याकडे पाहिले. “गोड बोलणे मला येत नाही, मावशी. तुमच्यापायी माझ्या टाचा फुटतात. पण ज्या वर्षी तुम्ही नीट पडत नाही, त्या वर्षी जर्दाळूला कळी धरत नाही. लोक फुले वसंताची म्हणतात. ती तुमची आहेत.”

म्हातारीने नाक ओढले. “हे कोणी बोलले नव्हते.”

ती सवाष्ण आहे का, हे विचारायची छाती कोणालाच झाली नाही. भिवराने तांदूळ, नारळ आणि जर्दाळूची एक फुललेली फांदी तिच्या ओटीत घातली, हातावर दही ठेवले. “पुन्हा या. घाई मात्र नको.”

शिशिराबाईने उठून घोंगडी पसरली. बागेतला सगळा बर्फ उडत येऊन तिच्यात बसला. फुले भिजलेली, पण शाबूत होती.

“भिवरे,” रायाजी डोळे उघडत म्हणाला, “सगळा दरबार जमला आहे आणि पेंढा धरायला एकही हात नाही?”

शाप सुटला. कवीची जीभही सुटली, जरा उशिराने. ऋतू आपापल्या वेळी येऊ-जाऊ लागले आणि राजा दर वर्षी पाट मांडायला शिकला. रायाजीचा डावा कान मात्र वैशाखातही गार राहिला. धूम्रनाथाने उपाय सुचवला. भिवराने त्याला दारातूनच परत पाठवले. उन्हाळ्याच्या दुपारी ती त्या कानाला गाल लावून झोपत असे.