सातशे वीस धागे

"आणि त्या अकरा वर्षांचं मी काय करू?" उत्तराने विचारलं.

अक्का मागावर बसली होती. पाय खड्ड्यात, हात फणीवर. तिने उभ्या धाग्यांमधून शेवटचा चार वेळा धोटा फेकला, फणी ठोकली आणि मान वर केली.

"कुठली अकरा?"

"आत्ताच सांगितलं ना सगळं."

"सांगितलंस. पण त्यात राग तेवढा ऐकू आला. वर्षं कुठं आली?"

उत्तराने पिशवी मांडीवर ओढली.

तिने सांगितलं होतं ते एवढंच. पुण्याच्या एका कंपनीत ती लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या विभागात होती. दिवसभर फोन. पुढे त्या विभागाची प्रमुख झाली, हाताखाली सव्वीस माणसं. मग फोनवर उत्तरं देणारं यंत्र आलं. कुठल्या तक्रारीला काय बोलायचं, चिडलेल्या माणसाशी कुठे थांबायचं, हे त्याला शिकवायचं काम उत्तराकडे आलं. आठ महिने तिने ते मन लावून केलं. नवव्या महिन्यात तिला एका खोलीत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं.

"म्हणजे चांगलं शिकवलंस," अक्का म्हणाली होती.

उत्तराला हसावं की उठून जावं ते कळलं नव्हतं.

माहेरी येऊन तिला महिना झाला होता. महिनाभरात गावातल्या एकाही वडीलधाऱ्या माणसाने तिला मोकळं सोडलं नव्हतं. मामा म्हणाले, होतं ते बऱ्यासाठीच. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, आमच्या वेळी माणूस एकाच खुर्चीत म्हातारा व्हायचा. त्यांच्याकडे बघून ते खरं वाटत होतं. शेवटी आई म्हणाली, एकदा वेशीबाहेरच्या मठात जा, अक्काला भेट.

आणखी एक म्हातारी, असं म्हणतच ती आली होती.

मठ म्हणजे दोन खोल्या, एक कवठाचं झाड, पाण्याचा हौद आणि हातमाग. अक्का सत्तरीच्या पुढची. ती प्रवचन करत नसे, अंगारा देत नसे. पंचे विणायची. गावात मूल जन्मलं की पहिल्यांदा त्याला मठातल्या पंच्यात गुंडाळत. कुणाचंही असो.

उत्तराने पिशवीतून एक अर्ज काढला.

तालुक्याच्या गावी नवं रुग्णालय झालं होतं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर जे नातेवाईक बसून असतात, त्यांच्याशी बोलायला त्यांना माणूस हवं होतं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत अर्ज द्यायचा होता. आज बुधवार.

अर्ज भरून झाला होता. एकच रकाना कोरा होता. पूर्वीचा अनुभव.

"तो रकाना मी कोराच ठेवणार," उत्तरा म्हणाली. "काय लिहू? अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या आणि मग हाकललं? नवीन सुरू करायचं तर सगळं पुसून करावं. तुम्ही सांगा, चूक आहे का?"

...

अक्काने कात्री घेतली. विणून झालेलं कापड फणीच्या अलीकडे कापलं, घडी केली, काखेत मारली.

"बस जरा. हे दुसऱ्या घरचं कापड हौदावर भिजत टाकून येते."

आणि गेली.

उत्तराला नुसतं बसता येत नसे. तिने मागाकडे पाहिलं. कापड निघून गेलं होतं, पण जुन्या ताण्याचे, उभ्या धाग्यांचे, उरलेले तुकडे फणीतून लोंबत होते. वीतभर पुढे, हातभर मागे. पलीकडे भिंतीला नव्या ताण्याचा रूळ टेकवून ठेवला होता, पांढराशुभ्र, बसवायची वाट बघत.

नवं बसवायचं तर आधी जुनं निघायला हवं. हे कुणालाही कळेल.

तिने डावीकडून सुरुवात केली. फणीतून धागे उपसले, मागच्या दोऱ्यांच्या फासांतून ओढून काढले, गुंडा करून कोपऱ्यात टाकला. महिन्याभरात पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. हाताला काम होतं आणि दिसण्यासारखं होत होतं.

ती मधोमध पोचली तेव्हा दारात सावली पडली.

अक्का उभी होती. हात ओले.

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत माग मोकळा करून ठेवावा."

"हं."

अक्काने कोपऱ्यातला गुंडा उचलला. हातावर तोलल्यासारखा धरला. परत ठेवला.

"अर्धा झालाय?"

"हो. उरलेला पाच मिनिटांत..."

"नको. उरलेला माझा."

तिने उत्तराला हाताशी घेऊन नवा रूळ मागावर चढवला. मग चुलीतली चिमूटभर राख एका पानावर आणली आणि उजव्या अंगाला बसली. फणीतून लोंबणाऱ्या जुन्या धाग्याचं मागचं टोक धरलं, त्याला नव्या ताण्याचं टोक जोडलं, राखेचं बोट लावून पीळ दिला. सांधा झाला. दुसरं टोक. तिसरं. ती बघतसुद्धा नव्हती. बोटं एकमेकांशी बोलत होती आणि धागा त्यांच्यामधून निघून जात होता.

उत्तरा बघत राहिली. ऐकून घेण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, पण इतकं शांत काम तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आणि माझ्या बाजूला?" तिने विचारलं.

"तुझ्या बाजूला सांधायला काय ठेवलंस?"

...

अक्काने मग दाखवलं. नवा धागा घ्यायचा. मागच्या चौकटीतल्या एका फासातून ओवायचा. पुढचा धागा दुसऱ्या चौकटीतून. मग फणीच्या दातातून. एक इकडचा, एक तिकडचा. एकही चुकवायचा नाही.

"किती आहेत?"

"सगळे मिळून सातशे वीस. तुझे तीनशे साठ. माझेही तेवढेच."

ऊन कवठाच्या झाडामागे गेलं तेव्हा अक्काने पानावरची राख फुंकली आणि उठली. तिचे तीनशे साठ झाले होते.

उत्तराचे एकेचाळीस.

गुरुवारी ती सकाळीच आली. डोळे दुखत होते, मान आखडली होती. दुपारी एकशे चाळीसाव्या धाग्यावर अक्का मागे येऊन उभी राहिली, वाकली आणि एका जागी बोट ठेवलं. एकतिसावा धागा चुकीच्या फासातून गेला होता. तिथून पुढचे सगळे चुकले होते.

"काढ," अक्का म्हणाली.

"सगळे?"

"एकतीसपासून."

उत्तराने धागे सोडले. मान वर करून म्हणाली, "तुम्ही एकदा रागवा तरी. कालपासून एक शब्द नाही. चूक माझी आहे, मला कळतंय."

"एका घरात रागावलेलं माणूस एक पुरे. तू आहेस की."

उत्तराला हसू आलं. तिने ते दाबलं आणि एकशे दहा धागे काढले.

शुक्रवारी, दोनशे नव्वदाव्या धाग्यावर असताना, गावातली अंजनाबाई आली. चपला न काढताच दारातून बोलू लागली. सुनेचे दिवस भरलेत, आजउद्याचं आहे, पंचा गुरुवारी देते म्हणाला होतात, शुक्रवार आला. दर वेळी सगळ्यांना मिळतो, आमच्याच घराला उशीर का. आम्ही गरीब म्हणून का. तिने मठ काढला, अक्काचं वय काढलं, मग गावाची रीतभातही काढली.

अक्का कवठाच्या झाडाकडे बघत होती.

उत्तराने हातातला धागा दातात धरून ठेवला, फणीवर अडकवला, आणि वळली. अंजनाबाईचं बोलणं तिने एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर नाव विचारलं. मग तिने जे जे म्हटलं होतं ते ते, तिच्याच शब्दांत, एकेक करून परत सांगितलं. उशीर अक्कामुळे नाही, माझ्यामुळे झाला, म्हणाली. उद्या दुपारच्या आत पंचा मी स्वतः घरी आणून देईन.

अंजनाबाईचा आवाज खाली आला. पण ती हलली नाही.

उत्तराने हळूच विचारलं, "मागचं बाळंतपण कसं झालं होतं?"

...

अंजनाबाई उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मागचं मूल दोन दिवस जगलं होतं. तेव्हा घाईत मठातला पंचा आणायचा राहिला होता.

उत्तरा तिच्याशेजारी जाऊन बसली. होईल सगळं नीट, असं काही म्हणाली नाही. सून कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारलं, तिथे रात्रीच्या वेळी डॉक्टर असतो का ते विचारलं, आणि रात्री गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी फोन करायचा तो नंबर अंजनाबाईच्या हातावर पेनाने लिहून दिला. जाताना अंजनाबाई उत्तराच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. आपण भांडायला आलो होतो हे तिच्या लक्षात राहिलं नसावं.

उत्तराने दोनशे नव्वदावा धागा पुन्हा हातात घेतला.

"हे कुठं शिकलीस?" अक्काने विचारलं.

"कुठलं?"

"आत्ता केलंस ते."

धागा फासाजवळ गेला आणि तिथेच थांबला.

...

उत्तराने तो धागा ओवला. पुढचे दहा ओवले. मग म्हणाली, "तुम्हाला कधी कुणी कामावरून काढलं होतं का, अक्का?"

"या गावात दीडशे हातमाग होते," अक्का म्हणाली. "यंत्रमाग आले आणि सगळे भंगारात गेले. माझा नवरा ज्यावर विणायचा तो मागही गेला. हा मी भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून आणला."

"माग?"

"माग कुठला. लाकूड नवं आहे. फणी आणि हे फास तेवढे उतरवले. धाग्यांसकट. तेव्हापासून सांधतच आलेय."

ती एवढंच बोलली आणि चहाला गेली.

संध्याकाळी तीनशे साठावा धागा फणीतून पुढे आला. उत्तराने तो ओढला, बोटाला गुंडाळला, आणि बराच वेळ तसाच धरून बसली.

शनिवारी सकाळी अक्काने धागे पुढे ओढून पुढच्या रुळाला बांधले आणि धोटा टाकला. खट्. पुन्हा. खट्. नवं कापड बोटभर झालं, मग चार बोटं. उत्तरा शेजारी उभी होती. डावी बाजू गुळगुळीत होती. उजवीकडे सांध्यांची जाडसर रांग फासांतून, फणीतून पुढे सरकत आली होती आणि आता कापडात दिसत होती, राखेने किंचित करडी झालेली.

"तीन दिवसांची माझी बाजू," उत्तरा म्हणाली, "आणि एका दुपारची तुमची. कापड सारखंच."

अक्का विणत राहिली. हळूहळू ती करडी रांग संपली आणि पुढे स्वच्छ वीण येऊ लागली.

उत्तराने पिशवीतून अर्ज काढला. भिंतीला टेकवला. कोऱ्या रकान्यात लिहू लागली. अकरा वर्षं, लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम. सव्वीस माणसांना ते शिकवलं. एका यंत्रालाही. जागा संपली तेव्हा तिने बारीक अक्षर केलं. शेवटची ओळ लिहायच्या आधी पेन थांबलं, मग तीही लिहिली. कामावरून कमी केलं.

साडेदहा वाजले होते. पंचा तयार व्हायचा होता, तो अंजनाबाईकडे न्यायचा होता, मग दोनच्या आत तालुक्याला पोचायचं होतं.

तिने अर्ज अक्कापुढे धरला. बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"हे त्यांना दिसणार, अक्का. बाकी काही वाचोत न वाचोत, हे आधी दिसणार."

अक्काने धोटा थांबवला. अर्ज वाचला नाही. विणलेल्या कापडावर तळहात ठेवला, करड्या रांगेवरून पुढे, स्वच्छ विणीपर्यंत नेला.

"दिसेल की," ती म्हणाली. "वीतभर."