ओल्या चुन्यावरची बत्ती

ही भिंत बघताय ना, हिच्यावर काढलीय ती बत्ती. तुम्ही दीपगृह म्हणता, आम्ही बत्ती म्हणतो. आमच्या आडखडप गावात दर्याकडे तोंड असलेल्या प्रत्येक भिंतीवर ती दिसेल. पांढरा मनोरा, त्याला कावेचे, म्हणजे तांबड्या मातीचे, आडवे पट्टे, आणि वर दिवा. मनोऱ्याला दार नाही, ते मात्र सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. काढणारी विसरली असं नाही. दार काढलं की ते कुणाचं तरी घर होतं, आणि बत्ती एका घराची नसते.

फोटो खुशाल काढा, पण त्या हळदीच्या वाटीला हात लावू नका. उद्या नारळी पौर्णिमा. नारळ दिला की होड्या बाहेर पडतील. त्याआधी घरोघरी दिवा भरायचा असतो. ती वरची जागा आत्ताच चुन्यानं सारवलीय, आणि चुना ओला आहे तोवरच हळद लावावी लागते. तेव्हा गोष्ट सांगते, पण माझं अर्धं लक्ष भिंतीवर राहील. वारा सुटलाय, चुना लवकर ओढतो, वाळून जातो.

ही प्रणाली, या घरची नवी सून. हिचा नवरा उद्या होडीवर जाणार. लग्नानंतरची पहिलीच खेप, त्यामुळे सकाळपासून बाईसाहेबांचे डोळे आभाळाला चिकटलेत. मी म्हटलं, आभाळ काय तुझ्या माहेरचं आहे, तुला विचारून वागायला? हसली, आणि पुन्हा वर बघितलंच. तिला हसण्यात अर्थ नाही. मीही बघतेच आहे.

तर सांगतात ते असं. ही आत्ताची विजेची बत्ती नव्हती तेव्हाची गोष्ट. टोकावर जांभ्या दगडाचा एक मनोरा होता, त्याच्या माथ्यावर मोठी दगडी पणती. उंडीच्या बियांचं तेल घालून ती रोज तिन्हीसांजेला पेटवायची, आणि ते काम घराघरानं पाळी लावून करायचं. समोर पाण्याखाली खडप आहे, लपलेले खडक, त्यावरूनच गावाला नाव पडलं. खडपातून आत यायला एकच वाट. उजेड दिसला तर होडी वाटेनं येते, नाहीतर खडकावर जाते. हे आजही तसंच आहे.

त्या काळी बायका भिंतीवर बत्ती काढत, पण आपापल्या माणसासाठी. दिवा वाळलेल्या चुन्यावर भरायचा, म्हणजे हळद पिवळीधमक राहते. उन्हानं उडाली की बाई पुन्हा बोट लावायची. दिवा पिवळा, तोवर आपला माणूस सुखरूप, असं त्या मानत म्हणे. सुरुवातीला यात धीर असेल. पुढं पुढं मात्र त्याची धास्तीच झाली. रंग फिका तर झाला नाही ना, म्हणून भाकरी थापता थापता उठून भिंत बघून यायच्या. ज्या भिंतीनं धीर द्यायचा, तीच जीव खायला लागली.

इथं आवडू म्हणून एक बाई होती. नवऱ्याचं नाव भिवा. शेजारच्या घरात तानू राहायची. दोघींचं जाळी वाळत घालायच्या जागेवरून वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. एकीनं अंगण झाडलं की कचरा दुसरीच्या हद्दीत, असली कौतुकं. दोघींचे नवरे वेगवेगळ्या होड्यांवर होते, आणि आश्विनातल्या एका दिवशी दोन्ही होड्या बाहेर असताना दुपारीच वादळ उठलं.

पावसाचा सपकारा आवडूच्या भिंतीवर आला आणि दिवा धुऊन गेला. शिंपल्यांचा चुना घरात होता, तो तिनं भराभर फासला आणि वाळायची वाट न बघता हळदीचं बोट टेकवलं. पिवळा दिवा तिच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

आता हळदीला चुना लागला की लाल होतं, त्याचंच कुंकू करतात, हे आवडूला ठाऊक नव्हतं का? पोरीसोरींनाही ठाऊक असतं. पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. तिला दिसलं ते रक्त. भिवा गेला, असं म्हणून ती भिंतीखाली बसली. आणि त्या संध्याकाळी बत्तीची पाळी तिच्या घराची होती.

अंधारून आलं तरी मनोऱ्यावर उजेड नाही. सगळ्या वाडीनं दारातून टोकाकडे बघायला सुरुवात केली. पण पाळी ज्या घराची त्यानंच तेलाचा बुधला उचलायचा, दुसऱ्यानं हात लावला तर देवी कोपते, असा गावाचा कडक नेम होता. नेम मोडायला कुणी धजेना. दर्यात माणसं, आणि इकडे सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. शेवटी तानू अबोला विसरून आवडूच्या अंगणात शिरली. भिंतीवरचा लाल दिवा तिनं बघितला, आवडूलाही बघितलं, आणि काय समजायचं ते समजली.

"तुझो गेलो आसात," ती म्हणाली. "माझो अजून दर्यात आसा. उठ."

तुझा गेला असेल, असं कुणी कुणाला तोंडावर बोलतं का? पण आवडू त्या बोलण्यानंच उठली, असं सांगतात. स्वतःच्या माणसासाठी तिला उठवत नव्हतं. शेजारणीच्या माणसासाठी उठली. बुधला तिनं उचलला, तानूनं मागून घोंगडी घेतली. वरती वारा असा की ठिणगी धरेना. तानू घोंगडी पसरून वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली, आवडूनं तिच्या आडोशाला वात पेटवली. बुधला संपेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. तानूच्या पाठीवर पाऊस, आवडूच्या हातांना चटके. दोघींच्या ओठांवर एकच नाव, तानूच्या नवऱ्याचं.

खडपाच्या वाटेनं एक होडी आत आली. ती भिवाची होती. दुसरी आलीच नाही.

आवडूच्या घरी लाल दिवा, तिचा माणूस जिवंत. तानूचा दिवा पागोळीच्या आडोशाला पहिल्यापासून कोरडा, पिवळाधमक, एक ठिपका हलला नव्हता. आणि तिचा माणूस गेला.

कित्येक महिने तानू घराबाहेर आली नाही. आवडू तिच्या उंबऱ्यावर भाकरी ठेवून यायची. भिवा समोर चालता-बोलता दिसे, तरी तिला तोंडात घास घालायला लाज वाटे म्हणे. पुढची नारळी पौर्णिमा आली. आवडूनं भिंतीवर बत्ती काढली, चुना दिला, पण दिवा भरायला बोट उचलेना. वाडीतल्या बाकीच्या बायकाही आपापल्या भिंतींसमोर तशाच उभ्या. लावला तर भीती, न लावला तर भीती. पुरुष होड्यांपाशी खोळंबले.

तेव्हा तानू बाहेर आली. तिनं आवडूच्या हातातली हळदीची वाटी घेतली. नवरा गेलेली बाई हळदीला शिवते म्हणून म्हाताऱ्यांनी कुजबुज केली. ती थांबली नाही. चुना वाळलाय का हेही तिनं बघितलं नाही. ओल्यावरच बोट टेकवलं, आणि दिवा लाल झाला.

"माझो पिवळो होतो, तो येवक नाय," ती म्हणाली. "आता सगळ्यांचो लालच असांदे. भिंतीक कोणी काय विचारूचा नाय."

मग वाटी घेऊन ती दर घरी गेली. सगळ्यांचा दिवा तिनं भरला, आणि सगळ्यांचा सारखाच लाल झाला. त्या दिवसापासून पाळीचा नेमही सुटला. बत्तीचं तेल कुणीही न्यावं, उजेड सगळ्यांचा, असं ठरलं. भिंतीवरच्या बत्तीचं दार तेव्हाच गेलं म्हणतात.

झाली गोष्ट. प्रणाली, चुन्याचा अजून एक हात दे गं, कडा वाळल्या. काय विचारतेस? मोठ्यानं विचार, पाहुण्यांनाही ऐकू दे. ती विचारतेय, काकी, लाल झालो नाय तर? बघा, इतकं ऐकून पोर पुन्हा भिंतीलाच विचारायला निघाली. अगं, म्हणून तर ओला चुना लागतो. ओल्यावर लालच होतो, दुसरं काही होत नाही. पुढं उन्हानं उडतो, तेव्हा उडू दे. वर्षभर कुणी पुन्हा बोट लावायचं नाही.

तरी भीती जात नाही, ते मला माहीत आहे. मीही रात्री वारा वाजला की उठून बसते, आणि आता तर माझं दर्यात कुणी नाही. माझे यजमान तांडेल होते, होडी तेच चालवत. ते गेले त्या वर्षी माझ्या भिंतीवरचा दिवा लाल होता. शेजारचा लाल, पलीकडचा लाल. म्हणून कुणी मला विचारलं नाही की तुझ्या हातून काय चुकलं. मीही स्वतःला विचारलं नाही. एवढं तानूनं आमच्यासाठी करून ठेवलंय.

सरका जरा, उजेड येऊ द्या. आजही आडखडपात घरची बाई आपला दिवा स्वतः भरत नाही. जिचा माणूस परत आला नाही, तिला बोलावतात. मला सकाळपासून सगळी आळी करायची आहे, हे शेवटचं घर. दे गं ती वाटी.