चौरंगावरचं पाणी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की चार महिने कुणाच्या मनाला लागेल असं बोलायचं नाही. सोळा दिवस निर्विघ्न गेले. सतराव्या दिवशी जेवताना धाकटी जाऊ हसत म्हणाली, “ताई, भाजीत मीठ न घालण्याचाही नेम आहे का?” आणि मी तिच्या माहेरच्या स्वयंपाकाचा असा काही उद्धार केला, की तिच्या हातातला घास हातातच राहिला. नेम मोडला. मोडला तो मोडला, आता पुढच्या वर्षी पाहू, असं मी ठरवूनही टाकलं. त्या दुपारी शेजारच्या वेणूमावशींनी वाती वळता वळता मला एक गोष्ट सांगितली. ती अशी.

एकदा एक व्यापारी आपल्या आजोबांच्या वेळचा चौरंग घेऊन एका वृद्ध सुताराकडे आला. जुन्या लाकडाला पुन्हा तेज आणण्यात त्या वृद्धाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. चौरंग फणसाचा होता. पण त्यावर तेल, धूर आणि हळदीकुंकवाचे इतके थर बसले होते, की मूळ लाकूड दिसेना.

“शुक्रवारी घरी पूजा आहे, मिस्त्री,” व्यापारी म्हणाला. “तेवढं लक्षात असू द्या.”

वृद्धाने ते काम आपल्या शिष्याला दिलं. शिष्य लहान नव्हता. पस्तिशीचा, बायकामुलांचा गृहस्थ. सहा वर्षं तो शिकत होता, पण गुरूने एकही वस्तू केवळ त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला दिली नव्हती. त्याने मनाशी निश्चय केला, ‘हा चौरंग साधला तर ठीक. नाहीतर हत्यारं ठेवून गावी परतायचं.’

त्याने थर उतरवले, हलणारा पाय घट्ट बसवला आणि जाड पॉलिशपेपरपासून अगदी बारीक पेपरपर्यंत चार दिवस फळी घासली. बुधवारी सकाळी व्यापारी पाहायला आला. सोनपिवळ्या फळीवरून हात फिरवत तो म्हणाला, “लोणी आहे हो, लोणी. आता पॉलिश मारा आणि द्या.”

वृद्धाने फळी निरखली, शांतपणे पाण्याचा तांब्या उचलला आणि चौरंगावर ओतला.

“अहो मिस्त्री, हे काय करताय?” व्यापारी मागे सरला.

वृद्धाने पाणी पुसून घेतलं आणि चौरंग उन्हात ठेवला. फळी सुकल्यावर तो शिष्याला म्हणाला, “आता हात फिरव.”

लोण्यासारखी फळी दोन दिवसांच्या दाढीसारखी खरखरीत झाली होती.

“बाबा, चार दिवसांचं काम मातीत घातलंत,” शिष्य म्हणाला. “मी शिकू नये असंच असेल तर तसं सांगा. निघतो मी.” आणि त्याने खरोखरच हत्यारांची पिशवी उचलली.

“जा की. पण जाण्याआधी ऐक,” वृद्ध म्हणाला. “पाण्याने बाहेरून काही आणलं नाही. घासताना लाकडाचे काही तंतू कापले जातात, काही नुसते दबून पडून राहतात. दबलेले हाताला लागत नाहीत, म्हणून आपण समजतो, गेले. शुक्रवारी कलशाचं पाणी सांडलं असतं, तर ते तिथे उठले असते; चारचौघांत, पॉलिशखाली, तुझा हात पोचणार नाही अशा वेळी. आज ते तुझ्यासमोर उभे आहेत. उभे आहेत तोवरच कापले जातील. यात तुझं काम बिघडलं कुठे? जे उरलं होतं ते दिसलं, इतकंच.”

“आणि घासल्यावर पुन्हा उठले तर?”

“पुन्हा घासायचं.”

“असं किती वेळा?”

“ते लाकडाला विचार. मला काय ठाऊक?”

शिष्याने पिशवी खाली ठेवून बारीक पेपर काढला आणि फळी पुन्हा घासली. गुळगुळीत झाल्यावर गुरूकडे न पाहता त्याने स्वतःच तांब्या भरला आणि चौरंगावर ओतला. तंतू उठले, पण थोडे. ते काढून त्याने तिसऱ्यांदा पाणी घातलं. या खेपेला सुकलेल्या फळीवरून हात सरळ पलीकडे गेला. मगच त्याने पॉलिशचा बोळा हाती घेतला.

गुरुवारी संध्याकाळी व्यापारी आला. जरा भीत भीतच त्याने वृद्धाला विचारलं, “मिस्त्री, आता यावर पाणी सांडलं तर चालेल ना?”

वृद्धाने चौरंगाला हातही लावला नाही.

“मला का विचारता?” तो म्हणाला. “कारागीर हे इथे बसलेत. त्यांना विचारा.”

मावशींची गोष्ट एवढीच. ती ऐकून मी पुढच्या वर्षाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी नेम पुन्हा धरला. तुमचाही एखादा संकल्प मधेच मोडला असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे, तो टाकून देऊ नका. आज दिवेलागणीलाच पुन्हा हाती घ्या.