स्टुडिओतली शस्त्रसंधी

परराष्ट्र धोरण शिकवण्यात आणि चार लोकांना ते समजावून सांगण्यात डॉ. मृणालिनी खांडेपारकरांची उभी हयात गेली होती. शेजारी देशाशी बोलणी तोडू नका, असं त्यांनी एका लेखात लिहिलं आणि वृत्तवाहिनीचा निवेदक प्रताप नाईकसाटम चवताळला. या गड्याने सीमा पाहिलेली ती नकाशात, पण युद्ध मात्र रोज स्टुडिओत बसून जिंकायचा.

"मॅडम, आज जाहीर माफी मागा, नाहीतर या वाहिनीवर पुन्हा दिसणार नाही," त्याने त्यांना चर्चेसाठी स्टुडिओत बोलावून थेट प्रक्षेपणातच बजावलं. "भांडखोर शेजाऱ्याशी कसल्या गप्पा मारता? मी असतो तर त्याला एका दिवसात गप्प केलं असतं!"

पडद्यावरच्या दोन चौकटींत दोन पाहुणे मघापासून एकमेकांवर ओरडत होते. बाईंनी तिकडे बोट दाखवलं. "शेजारी राहू द्या, प्रतापराव. आधी या दोघांना गप्प करा बघू."

प्रतापने विनवलं, दटावलं, टेबलावर मूठ आपटली. दोघे आणखीच चेकाळले. शेवटी घाम पुसत त्याने आतल्या तंत्रज्ञाला खूण केली आणि दोघांचे आवाज तोडले. पडद्यावर नुसते ओठ हलत राहिले.

"झाले की नाही गप्प?" तो छाती फुगवून म्हणाला.

"झाले ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता शेजारी देशाचा आवाज बंद करायचं बटण कुठल्या सरकारकडे असतं, तेवढं सांगा. मी लगेच माफी मागते."

प्रतापने घाईघाईने ब्रेक घेतला. बाईंच्या कानातल्या यंत्रात निर्मात्याचा हसू दाबलेला आवाज आला, "मॅडम, उद्याही याल ना?"