स्कूटरचा मालक

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही?"

श्रीरंग पोतनीसांनी पुढे केलेला कागद तसाच धरून ठेवला.

कमालबाबा ओट्यावर बसून सुपातले गहू निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सही येते मला," ते म्हणाले. "चौथीपर्यंत शाळेत गेलोय. पण त्यात लिहिलंय काय, ते वाच की एकदा."

माळावर सकाळ होती. खालची दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती आणि डोंगराचा हा माथा तेवढा वर राहिला होता. एक पांढरा घुमट, चार जुन्या कबरी, पिंपरणीचं एक मोठं झाड. झाडाच्या पश्चिमेला सावलीत एक स्कूटर उभी होती. तिचा निळा रंग उडून राखाडी झाला होता.

पोतनीसांनी चष्मा लावला.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले. आपल्या हाताखालून एकही प्रकरण अर्धवट गेलं नाही, हे ते स्वतःच सांगत आणि ते खरं होतं.

"माझा धाकटा भाऊ हेरंब पोतनीस," त्यांनी वाचलं, "एकोणीस वर्षांपूर्वी या ठिकाणी आपली स्कूटर लावून निघून गेला. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नाही. त्यास शेवटचे पाहणारे गृहस्थ कमालुद्दीन फकीर यांनी..."

"थांब."

पोतनीस थांबले.

"निघून गेला, असं लिहिलंय?"

"हो. गेलाच ना?"

बाबांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुम्हा लोकांत घरातून बाहेर पडताना काय म्हणतात?"

पोतनीसांना कळेना. "म्हणजे?"

"उंबऱ्यातून निघताना. काय म्हणतात?"

"येतो म्हणतात."

"तोही तेच म्हणाला. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बाबा, येतो." बाबा पुन्हा गहू निवडू लागले. "मी जे ऐकलं त्याच्यावर सही करीन. जे ऐकलंच नाही त्याच्यावर कशी करू?"

पोतनीसांना राग आला. पण ते कायद्यानं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ओट्याच्या कडेवर बूड टेकलं आणि एखाद्या अडाणी खातेदाराला समजवावं तसं समजावू लागले.

माणूस सात वर्षं बेपत्ता असला, त्याची काही खबर नसली, की कोर्ट त्याला मृत धरतं. इथं तर एकोणीस झाली. कोर्टाचा हुकूम मिळाला की वारस म्हणून स्कूटर आपल्या नावावर होईल. मग ती दुरुस्त करून घ्यायची, तपासणी करायची, नोंदणीचं नूतनीकरण करायचं. सगळं रीतसर.

"त्याची आठवण म्हणूनच करतोय मी," ते शेवटी म्हणाले. "गाडी अशी सडू देणं बरं दिसतं का?"

"नाही दिसत," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काय... दुरुस्त कर."

"अहो, तेच तर सांगतोय! नोंदणीशिवाय दुरुस्त करून काय उपयोग? आणि नोंदणी करायची तर आधी हेरंब..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

बाबांनी आणखी एक खडा काढून टाकला. मग सूप खाली ठेवलं.

"चहा घेशील?"

चहा बिनदुधाचा होता, गवती चहा घातलेला. दोघांनी तो प्यायला. दरीतलं धुकं हळूहळू वर सरकत होतं, मधूनच पिंपरणीच्या बुंध्याशी येऊन परत फिरत होतं. कुठंतरी खाली बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. पण बकऱ्या दिसत नव्हत्या.

पोतनीसांचे डोळे जड झाले. पहाटे निघाले होते. ओट्याच्या खांबाला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला.

झोपेत त्यांना स्कूटरचा आवाज ऐकू आला. निवृत्त झाल्यापासून वर्षभर येत होता तसाच. आधी लांबून, मग गल्लीच्या तोंडाशी, मग फाटकापाशी येऊन बंद झाला. आता फाटकाची कडी वाजेल, असं त्यांना वाटलं. कडी वाजली नाही. नेहमीसारखीच.

ते दचकून जागे झाले.

ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. धुकं विरलं होतं. आणि कमालबाबा स्कूटर ढकलत होते.

ऐंशीच्या पुढचा माणूस, पाठीत वाकलेला. दोन्ही हातांनी हँडल धरून तो एक एक पाऊल टाकत होता. चाकांतून खसखस असा आवाज येत होता. टायरांत हवा कुठली असणार? बाबांनी त्यांत वाळलेलं गवत ठासून भरलं होतं.

"कुठं नेताय?" पोतनीस उठून धावले.

"पलीकडे. सावली तिकडं गेली."

"म्हणून गाडी हलवताय?"

"उन्हात सीट तडकते रे."

"रोज?"

"रोज. सकाळी अलीकडे, दुपारी पलीकडे." बाबा धापा टाकत थांबले. "सोळा पावलं आहेत."

"अहो, मग आत का नाही ठेवली? तुमच्या खोलीत जागा आहे की!"

बाबांनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं.

"आत ठेवली तर त्याला दिसणार कशी?"

पोतनीसांच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला. ती सवयच होती. जाऊन येऊन बत्तीस पावलं. पाऊल दोन-सव्वादोन फुटांचं. दिवसाला बावीस मीटर. एकोणीस वर्षं...

"दीडशे किलोमीटर," ते पुटपुटले.

"काय?"

"दीडशे किलोमीटरच्या वर चालवलीत तुम्ही ही गाडी."

"मला नाही चालवता येत," बाबा म्हणाले. "धर जरा. आज दम लागलाय."

पोतनीसांनी हँडल धरलं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या स्कूटरला हात लावला होता. ती कुठं उभी आहे हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. घरापासून बेचाळीस किलोमीटर. एका रविवारचं काम. पण तो रविवार कधी आला नाही.

उजव्या मुठीचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं हेरंबचा अंगठा असायचा.

ते ढकलू लागले. बाबांची तीन पावलं झाली होती. चार, पाच, सहा...

नवव्या पावलाला ते थांबले.

"बाबा."

"बोल."

"मी त्याला घालवला."

बाबांनी मागून सीटला हात दिला.

"तिसरी नोकरी सोडून आला होता. घरी पाहुणे होते, पंगत बसलेली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, हेरंब, तू असून नसल्यासारखा आहेस..." त्यांचा अंगठा त्या झिजलेल्या रबरावर गेला. "तो हसला हो. पान नीट आवरलं, हात धुतले, पाहुण्यांना सुपारी दिली. सकाळी उठून पाहतो तर गाडी नाही."

वारा पडला होता. पिंपरणीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आम्ही पोलिसांत दिलं, पेपरात दिलं. सगळं रीतसर केलं. इथं मात्र मी आलो नाही. तुम्ही विचाराल, काय झालं होतं म्हणून... अशी भीती वाटायची."

"मी कुठं विचारलं?"

"नाही विचारलंत."

बाबांनी वर उन्हाकडे पाहिलं.

"उरलेली सात पावलं टाक," बाबा म्हणाले. "ऊन लागतंय तिला."

पोतनीसांनी ती टाकली. स्कूटर सावलीत उभी राहिली. बाबांनी पंच्यानं सीट पुसली, मग हात पुसला आणि तो पुढे केला.

"आण तो कागद. करतो सही."

पोतनीसांनी खिसा चाचपला.

"सकाळी तर नाही म्हणालात."

"सकाळी तू कागद घेऊन आला होतास. आता तू आलायस. आण."

पोतनीसांनी खिशातून कागद काढला. उलगडला. त्यावरचा टंकलिखित मजकूर त्यांनीच तीन वेळा तपासला होता. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. त्यांनी तो पुन्हा वाचला, ओठ हलवत, एखाद्या शाळकरी पोरासारखा.

मग घडी घातली.

"नको."

"का?"

"एकदा तोंडी बोलून बसलोय, बाबा... आता लेखी कसं देऊ?"

बाबांनी हात मागे घेतला. सूप उचललं आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी पोतनीस वकिलाकडे गेले. वकील त्यांचे जुने स्नेही होते, बाळासाहेब ठोसर.

"अर्ज दाखल करायचा नाही," पोतनीसांनी सांगितलं.

"आणि नोंदणी?" ठोसर म्हणाले.

"राहू दे. तिला मालकाची सही लागते."

"अरे, पण मालक आहे कुठं?"

पोतनीसांनी छत्री उचलली.

"बाहेर गेलाय," ते म्हणाले.

ठोसर उठले. दारापर्यंत सोडायला आले. एरवी कधी येत नसत.

त्या गुरुवारी पोतनीस पायथ्याच्या गावातल्या लोंढे मेस्त्रीला घेऊन माळावर आले. मेस्त्रीनं स्कूटरभोवती दोन चकरा मारल्या, किकवर पाय दिला. किक दगडासारखी घट्ट होती.

"इंजिन जाम आहे, साहेब. त्यात कागद नाहीत म्हणता. रस्त्यावर नेली तर पहिल्या चौकात धरतील. कशाला खटाटोप करताय?"

पोतनीसांनी बाबांकडे पाहिलं. बाबा घुमटाच्या पायरीवर डोळे मिटून ऊन खात बसले होते.

"तुम्ही करा," पोतनीस म्हणाले.

मेस्त्रीनं प्लग काढला, त्या भोकातून तेल सोडलं आणि आठवडाभर तसंच मुरू दिलं. पुढच्या गुरुवारी इंजिन जरासं फिरलं. मग कार्बोरेटर खोलला. त्यात मुंग्यांनी माती भरली होती. क्लचची वायर नवीन आली, टायर-ट्यूब आले. पायाखालचा पत्रा गंजून आरपार गेला होता, तिथं जोड लावला. दिवाळी गेली, थंडी पडली. पोतनीस दर गुरुवारी येत, पत्र्यावरचा गंज काचकागदानं घासत बसत. घासता घासता कधी एखादी जुनी गोष्ट सांगत. हेरंबला पोहायला कसं शिकवलं, तो विहिरीत आधी पालथा कसा पडला... बाबा ऐकत. कधी ऐकता ऐकता झोपत. पोतनीस तरीही सांगत राहत.

मोजणी खात्यातले पोतनीस ज्यांनी पाहिले होते, त्यांना हे खरं वाटलं नसतं. हाताला ग्रीस, सदऱ्याला गंज, आणि घाई कसलीच नाही.

रंगाचं मात्र त्यांनी मेस्त्रीला साफ सांगितलं, रंग द्यायचा नाही.

माघातल्या एका सकाळी मेस्त्री म्हणाला, "साहेब, मारा किक."

पोतनीसांनी आधी गाडी एका बाजूला कलती केली, क्षणभर तशीच धरली आणि सरळ केली. हेरंब असंच करायचा. हे आपल्याला ठाऊक आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला काही नाही. पाचव्या किकला धूर निघाला, आणि मग सगळ्या माळावर तो आवाज पसरला.

पोतनीस हँडल धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला एक हात सोडावा लागला असता, आणि त्यांना हात सोडायचा नव्हता.

कमालबाबा उठले. त्यांनी हिरवी कफनी गुडघ्यांशी गोळा केली आणि मागच्या सीटवर बसले.

"बाबा, पडाल!"

"चल."

पोतनीसांनी गिअर टाकला. स्कूटर निघाली. पिंपरणीला एक फेरी, मग घुमटाला एक. गवतावर दव होतं, त्यात चाकाची रेघ उमटत होती. बाबांचा हात पोतनीसांच्या खांद्यावर होता, पाखरासारखा हलका. मेस्त्री हातातला पाना विसरून बघत राहिला होता.

तिसऱ्या फेरीत पोतनीस वळले नाहीत. ते सरळ गेले, माळ जिथं संपतो आणि रस्ता उतरू लागतो तिथपर्यंत. तिथं त्यांनी ब्रेक दाबला.

समोर दरी धुक्यानं भरलेली होती. रस्ता दहा हात दिसत होता, पुढे पांढऱ्यात बुडालेला. इंजिन चालू होतं.

त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला.

"बाबा, कागदांशिवाय इथून पुढं चाकसुद्धा टाकता येणार नाही," ते म्हणाले. "गाडी चालू झाली, पण हिला कुठं नेता येत नाही. मग आपण हे सगळं केलं कशाला?"

बाबांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून धुक्यात पाहिलं.

"हॉर्न वाजव," ते म्हणाले.